काचेच्या पेटीपाशी ओवी

घरातलं माणूस दवाखान्यात गेलं की आपले हात आपोआप देवघराकडे वळतात. कुणी उपास धरतं, कुणी चपला सोडतं, कुणी वर्षभर चहाला शिवत नाही. आपल्यापैकी कितीजणांनी असं काही ना काही देवाला कबूल केलं असेल! त्यात वाईट काहीच नाही. करण्यासारखं दुसरं काही हातात उरत नाही, तेव्हा निदान आपली एक आवडती गोष्ट सोडून द्यावी, एवढंच त्या घडीला मनाला सुचतं. बालाघाट जिल्ह्यातल्या खैरलांजीकडच्या शेवंताबाईंनीही तेच केलं. फक्त त्यांनी सोडलेली गोष्ट मोठी होती. त्यांनी बोलणंच सोडलं.

झालं असं, की त्यांची सून मयुरी सातव्या महिन्यातच बाळंत झाली. रक्तदाब एकाएकी चढला, हातापायांवर सूज आली आणि मुलगा गजेंद्र गाडी करून तिला घेऊन बालाघाटला धावला. मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी! सुरकुतलेली, लालसर, डोळे मिटलेले. जणू झोपेतच कुणीतरी तिला एका घरातून उचलून दुसऱ्या घरी आणून ठेवलं होतं. डॉक्टरांनी तिला काचेच्या उबदार पेटीत ठेवलं आणि सांगितलं, "वजन वाढेपर्यंत इथंच राहावं लागेल. धीर धरा."

धीर धरायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे शेवंताबाईंना कळेना. त्या रामपायलीला गेल्या, रामापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "देवा, नात माही घरी येऊ दे. तोवर मी तोंडातून शब्द काढणार नाही."

तो त्यांचा शेवटचा शब्द.

ज्यांनी शेवंताबाईंना ऐकलं आहे, त्यांनाच हे व्रत किती जड होतं ते कळेल. गावातलं बारसं, लग्नाची हळद, भागवत सप्ताह, कुठलंही कार्य त्यांच्या गळ्यावाचून पुरं होत नसे. घरातही तेच. तांबडं फुटायच्या आधी त्या अंगणात सडा टाकायच्या, तुळशीला पाणी घालायच्या आणि ओव्या म्हणायच्या. शेजारीण म्हणायची, "आमच्या घरी घड्याळ कायले पायजे? शेवंताबाई गाते, आम्ही उठतो!" मयुरीला दिवस गेले तेव्हाही रोज पहाटे खिडकीबाहेर तो सूर असायचा. ती अर्धवट झोपेत पोटावर हात ठेवून पडायची आणि आतलं पाखरू हळूच कूस बदलायचं.

आता तोच गळा बंद झाला होता.

थंडीचे दिवस होते. वैनगंगेवरचं धुकं सकाळी उशिरापर्यंत शहरात रेंगाळायचं. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात शेवंताबाई घोंगडी पांघरून बसायच्या आणि दिवसातून दोनदा, हात कोपरापर्यंत धुऊन, अंगावर स्वच्छ झगा चढवून आत जायच्या. आत वेगळंच जग होतं. निळसर उजेड, मंद गुणगुणणारी यंत्रं आणि काचेच्या पेट्यांमध्ये झोपलेली इवली इवली माणसं. शेवंताबाईंना वाटायचं, आपण नदीच्या तळाशी उतरलो आहोत आणि ही लेकरं म्हणजे पाण्यात तरंगणारे दिवे आहेत. मौनामुळे तर सगळंच स्वप्नासारखं झालं होतं. माणसं ओठ हलवतात, आपण मान हलवतो, दिवस येतो, दिवस जातो. त्या हात जोडून नातीकडे पाहत राहायच्या. हाक मात्र मारायच्या नाहीत. काचेला हात लावायलाही भ्यायच्या.

महिना होत आला तशी बाळाच्या डोळ्यांची तपासणी ठरली. कमी दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांचा आतला पडदा पुरता तयार झालेला नसतो. तिथल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढल्या तर दृष्टीच जाऊ शकते. वेळेत कळलं तर उपाय आहे, वेळ गेली तर नाही. नेत्रतज्ज्ञ मॅडम त्यासाठीच बाहेरगावाहून येत. त्यांनी डोळ्यांत थेंब घातले, पापण्या हलकेच उघडल्या, दिवा धरला आणि बाळ सगळ्या अंगानं ताठ झालं. श्वास अडखळला, ओठ निळे पडले, यंत्र टुंटुं करू लागलं. मॅडमनी तत्काळ हात मागे घेतला. संध्या सिस्टरनी पाठ चोळून बाळाला पुन्हा श्वासावर आणलं.

"आज नको," मॅडम म्हणाल्या. "परवा मी पुन्हा येते. पण त्यानंतर लांबवता येणार नाही. तेवढा वेळ बाळ शांत राहायला हवं."

मयुरी भिंतीला टेकून रडू लागली. तिला वऱ्हांड्यात आणून बसवल्यावर संध्या सिस्टर तिच्याशेजारी टेकल्या. गेली काही वर्षं त्या याच कक्षात होत्या, बोलणं हळू, चालणं त्याहून हळू.

"ताई, एक सांगू का?" त्या म्हणाल्या. "या लेकरांची दिवसभर टोचाटोची चालते. टाचेतून रक्त काढा, नळी बदला, पट्ट्या काढा. मोठ्या दवाखान्यांत आता अशा वेळी हलकं संगीत ऐकवतात. आम्हीबी करून पाह्यलं. सगळ्यांले नाही, पण कित्येक लेकरांले फरक पडते. छातीची धडधड कमी होते, श्वास एका लयीत येते. दुखणं जात नाही जी त्यानं. औषधाच्या जागी गाणं नाही. पण सोबत होते. आणि त्यातही पोटात ऐकलेला आवाज असला तं काही विचारूच नका."

मयुरीनं डोळे पुसले. "मी म्हणू?"

"म्हणून तं पाहा."

नळी बदलायच्या वेळी मयुरी पेटीपाशी उभी राहिली. पण पहिल्याच ओळीला तिला हुंदका फुटला आणि बाळाच्या कपाळावर आठ्या पडल्या. ती बाहेर आली. "नाही होत सिस्टर माह्याच्यानं. एक तं मले फिल्मी गाणेच येतात, अन् तिले टोचलं का मले पयले रडू येते." मग तिनं सासूकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "हिनं पोटात ज्याचा आवाज ऐकला ना, तो तर आईचा हाय. रोज पहाटचा."

सगळ्यांच्या नजरा शेवंताबाईंकडे वळल्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, मग वर आभाळाकडे दाखवलं आणि हात जोडले.

"मायचं मौन हाय, सिस्टर," गजेंद्र म्हणाला. "पण थांबा! माह्या मोबाइलात तिचं भजन हाय. कार्तिकात भरून ठेवलं होतं."

त्याला वाटलं, चला, व्रतही राहिलं आणि कामही झालं. दुपारी टाचेतून रक्त काढायच्या वेळी त्यानं मोबाइल काचेला टेकवून धरला आणि बटण दाबलं. संध्या सिस्टर "हळू!" म्हणेपर्यंत ढोलकीची थाप पडली, झांजा कडाडल्या आणि पंधरावीस बायांचा जयजयकार उसळला. बाळाचे दोन्ही हात हवेत उडाले. शेजारच्या पेटीतलंही एक लेकरू दचकलं.

सिस्टरनी मोबाइल झटकन बंद केला. "अहो भैया, हे लेकरू हाय, मांडव नाही! याचा कान कापसासारखा. याले गाणं पायजे, तुम्ही तं जागरण घातलं!"

गजेंद्र कानकोंडा होऊन बाहेर आला. वऱ्हांड्यात येताच त्याचा धीर सुटला. "माय, तू एक वेळ म्हणून दे ना! काहून अशी करून राह्यली? परवा डोळे नाही पाह्यले तं पोरगी आंधळी व्हईन!"

शेवंताबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण ओठ घट्ट मिटलेले. त्यांच्या मनात दुसरंच चाललं होतं. आजवर लेकरू जगलं ते या मौनामुळेच, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. एक शब्द सुटला आणि देवानं आपला हात काढून घेतला तर? डोळे वाचवायला जावं आणि जीवच गेला तर?

मयुरी आजवर सासूपुढे वर मान करून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "आई, तुमचं मौन देव ऐकत असन. पण हे लेकरू तुमच्या आवाजाची वाट पाहून राह्यलं. त्याले वाटत असन, ते घर कुठं गेलं?"

एवढं बोलून ती आत निघून गेली.

त्याच वऱ्हांड्यात वारासिवनीच्या तुळसाबाई राहत होत्या. त्यांचा नातूही आत पेटीत होता. बाई मोठी तोंडाळ आणि मोठी मायाळू. पहिल्या दिवशी शेवंताबाईंच्या मौनाचं ऐकून त्या म्हणाल्या होत्या, "सासू बोलत नाही? नशीबवान हाय हो सून!" त्यावर सगळा वऱ्हांडा हसला होता, शेवंताबाईसुद्धा. रोज आपल्या डब्यातली अर्धी भाकर त्या शेवंताबाईंपुढे सरकवत आणि दोघींच्या वाटचं एकट्याच बोलत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन वऱ्हांड्यात उतरलं, तेव्हा तुळसाबाई शेवंताबाईंशेजारी येऊन बसल्या. बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. तुळसाबाई गप्प आहेत म्हटल्यावर शेवंताबाईंनीच चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

"पाहू नका असं," तुळसाबाई म्हणाल्या. "मलेबी गप्प बसता येते. थोडं थोडं." मग त्यांनी शेवंताबाईंचा हात आपल्या हातात घेतला. "एक सांगा बाई. तुम्ही रामापुढं नारळ ठेवता. पुजारी का करते?"

शेवंताबाईंनी हातानंच नारळ फोडल्याची खूण केली.

"फोडते. मंग? अर्धा ठेवते अन् अर्धा?"

शेवंताबाईंनी ओंजळ पुढे केली.

"हौ! अर्धा आपल्याच हातात देते. देवाले देलेलं देव कधी सगळं ठेवून घेते का? परसाद करून वापस देते. तुम्ही आपला आवाज देवापुढं ठेवला. चांगलं केलं. देवानं तो घेतला. महिनाभर आपल्यापाशी ठेवला. अन् आता त्या सिस्टरच्या तोंडून, तुमच्या सुनेच्या तोंडून तो म्हणून राह्यला, घे बाई, हा घे तुहा परसाद, लेकराले वाट! अन् तुम्ही हात मागं घेऊन बसल्या!"

शेवंताबाईंची मान खाली गेली.

तुळसाबाईंचा आवाज मऊ झाला. "मले ठाऊक हाय तुम्ही काहून भिता. मीबी भेतो. हे लेकरू राहते का जाते, म्हणून आपण त्याले हाक मारत नाही, नाव घेत नाही, जीव लावत नाही. घरी आलं का मंग लाड करू म्हणतो. पण बाई, त्याच्यासाठी तं आजचाच दिवस हाय ना! त्याले का माहीत घर कुठं हाय? अन् मले सांगा, राम का सावकार हाय? तुम्ही एक शब्द बोलल्या का लेकरू उचलून नेईन? असा देव तुम्ही पुजता? इतक्या वर्षांचे उपास, इतक्या एकादश्या, अन् इतकीच वळख तुमची त्याच्याशी?"

हा शेवटचा बोल शेवंताबाईंच्या काळजात रुतला. खरंच! ज्याच्यापुढे जन्मभर गायलं, तो आपल्या गाण्यावर रागावेल? आपण ज्याला भक्ती म्हणत होतो, त्यात भीतीच जास्त होती की काय! त्या दिवसभर घोंगडीत गुरफटून बसून राहिल्या. डोळे मिटले की त्यांना आपलं अंगण दिसे, आणि त्या अंगणात कुणीतरी पाठमोरं, इवलंसं, कान देऊन उभं असे.

परवाचा दिवस उजाडला. मॅडम आल्या. संध्या सिस्टरनी पेटीवरचा दिवा मंद केला, बाळाला दुपट्यात लपेटलं, मयुरीच्या दुधाचा एक थेंब त्याच्या ओठांना लावला. मयुरी दाराशी उभी होती, पदर तोंडात धरून.

तेवढ्यात शेवंताबाई पुढे आल्या. हात धुतलेले, झगा चढवलेला. त्यांनी सिस्टरकडे पाहिलं आणि मान हलवली.

सिस्टर काय समजायचं ते समजल्या. "आजी, एक हात डोक्यावर ठेवा. एक पायाशी. चोळायचं नाही, नुसता ठेवायचा. अन् आवाज एवढा, का बाजूच्या पेटीतल्याची झोप मोडू नये."

त्या इवल्या डोक्यावर शेवंताबाईंचा हात पहिल्यांदा टेकला. केवढं ऊन ऊन होतं ते! टाळूखाली कसलीशी नाजूक लय चालली होती. शेवंताबाईंनी मनात म्हटलं, "रामा, तुहं तुले." आणि ओठ उघडले.

आवाज फुटेना! महिनाभर न वापरलेला गळा, दोनदा नुसती हवाच बाहेर आली. मग एक बारीक, खरखरीत, जेमतेम ऐकू येईलसा सूर निघाला. गावच्या मांडवात ज्या गळ्याला भोंगा लागत नसे, तो आज दव पडावं तसा पडत होता. पण या कक्षाला नेमका तेवढाच आवाज हवा होता.

"हळू ये रे सूर्या, हळू टाक पाय,
निजली अंगणात, माझ्या दुधावरली साय..."

मॅडमनी पापणी उघडली. बाळाचं अंग ताठ होऊ लागलं. यंत्रावरचा प्राणवायूचा आकडा घसरला. मयुरीनं डोळे मिटून घेतले.

शेवंताबाई थांबल्या नाहीत. तीच ओळ, तीच चाल, त्याहून हळू.

"हळू ये रे वाऱ्या, नको वाजवू दार,
लांबून आलं माझं, दमून पाखरू फार..."

आणि मग ते घडलं! ताठलेली मूठ हळूहळू सैल झाली. कपाळावरची आठी विरघळली. घसरलेला आकडा थबकला, सावरला आणि वर चढू लागला. बाळ रडलं, नाही असं नाही. दुखत होतंच त्याला. पण ते रडणं बुडणाऱ्याचं नव्हतं, कुणाच्या तरी कुशीत केलेलं कुरकुरणं होतं. दोन ओळींच्या मधे शेवंताबाई श्वास घ्यायला थांबल्या की तेही थांबे, जणू पुढची ओळ कुठे आहे ते शोधे. निळसर उजेडात सगळा कक्ष त्या सुरावर हेलकावत होता. यंत्रं आहेत, सुया आहेत, दुखणी आहेत, हे सगळं जरा लांब गेलं होतं. जवळ होतं ते एक अंगण, ओल्या मातीचा वास आणि उजाडायच्या आधीचा थोडासा अंधार.

"झालं," मॅडम म्हणाल्या आणि दिवा विझवला. "दोन्ही डोळे नीट पाहता आले. आत्ता तरी काळजीचं कारण दिसत नाही. वाढ व्हायची आहे अजून, दोन आठवड्यांनी पुन्हा पाहू." मग त्या शेवंताबाईंकडे वळून हसल्या. "तेव्हाही आजींना बोलवा बरं."

संध्या सिस्टरही हसल्या. "तेव्हाबी म्हणाल ना आजी? का पुन्हा मौन?"

शेवंताबाईंनी दाराशी उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं आणि हात पुढे केला. "इकडे ये वो मयुरी," त्या म्हणाल्या. "तुले शिकवतो मी ही ओवी. सोपी हाय. रडू आलं तं रडत म्हण, पण हळू म्हण."

मयुरी पुढे आली आणि सासूच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. त्या दिवशी दुपारची ओवी दोघींनी मिळून म्हटली.

वाचकहो, व्रत म्हणजे काय, हे शेवंताबाईंना त्या दिवशी नव्यानं कळलं. त्यांनी व्रत सोडलं नाही, बदललं. मुलगी घरी जाईपर्यंत दररोज, जेव्हा जेव्हा तिला टोचायचं असे तेव्हा तेव्हा, त्या सिस्टरांना विचारून तिच्या उशाशी उभ्या राहिल्या. पुढे पुढे वऱ्हांड्यातली इतर माणसंही धिटाईनं आत जाऊ लागली. तुळसाबाई आपल्या नातवाला इतक्या हलक्या आवाजात गोष्टी सांगत, की हीच का ती बाई, असं वाटावं. बिरसा गावाकडच्या जंगलातून आलेला एक तरुण बाप होता. त्याला गाणं येत नव्हतं. मग तो आपल्या मुलाच्या टाचेला सुई लागताना गावच्या वाटेवरच्या झाडांची नावं एकामागून एक सांगत राही. मोह, साल, तेंदू, चारोळी, आवळा, पुन्हा मोह. त्याचा मुलगा त्या झाडांच्या सावलीतून चालत गेल्यासारखा शांत होई.

आपल्याकडे अजूनही वेळेआधी जन्मलेल्या लेकराला "कच्चं" म्हणतात आणि ते पक्कं होईपर्यंत प्रेम राखून ठेवतात. डॉक्टर आहेत, यंत्रं आहेत, आता आपलं काय काम, असं म्हणून आपण बाहेर बसतो, किंवा देवाशी सौदा करून मोकळे होतो. असं करू नका! औषध डॉक्टरांना देऊ द्या, त्यांचे नियम पाळा, हात धुवा, परवानगी घ्या. पण लेकरू सुईला सामोरं जात असताना त्याला एकटं ठेवू नका. त्याला आपला आवाज ठाऊक असतो. ते त्याची वाट पाहत असतं. आणि देवाला काही द्यायचंच असेल, तर असं द्या की ते एखाद्या लेकराच्या कानापर्यंत पोहोचेल.